सिझेरियन झालेल्या बाळंतिणीची मालिश

"सिझेरियन झाले आहे, मग मालिश करायची की नाही? आणि केली तर दुखण्याच्या गोळ्या बंद करता येतील का?" बाळंतपणानंतर समुपदेशनासाठी येणारी कुटुंबे सांगलीत मला हा प्रश्न वारंवार विचारतात. त्याचे उत्तर म्हणून तासगावकडच्या एका कुटुंबाची हकिगत सांगते. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

मुलगी पहिलटकरीण होती, माहेरी आली होती आणि ऑपरेशनला आठवडा झाला होता. घरी मालिशवाल्या मावशी रोज येऊन बाळाला तेल लावून न्हाऊ घालत, पण बाळंतिणीला कोणी हात लावत नव्हते, कारण टाके उसवतील अशी तिच्या आईला धास्ती होती. औषध दुधातून बाळाच्या पोटात जाईल या भीतीने मुलीनेही गोळ्या परस्पर सोडल्या होत्या. खुर्चीतून उठताना ती एका हाताने टाक्यांवर पदर दाबून धरायची, दुसऱ्या हाताने टेबलाची कड पकडायची आणि श्वास रोखून अर्धवट वाकलेलीच उभी राहायची. बाळाला पाजायला घेणेही तिला नकोसे झाले होते. दुखणे आणि ताण असला की पान्हा फुटायला वेळ लागतो. त्यामुळे दूध पुरत नाही ही आणखी एक काळजी त्या घरात शिरली होती.

मी आधी गोळ्यांविषयी बोलले. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही औषधे दुधात अत्यल्प प्रमाणात उतरतात आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत स्तनपान करणाऱ्या आईला ती चालतात. मालिश ही गोळ्यांना दिलेली जोड आहे. तिने दुखणे कमी झाले आणि गोळी कमी लागली तर उत्तमच, पण गोळी सोडून दुखणे सोसत पडून राहण्यात बाळंतिणीचे कसलेच हित नाही. दुखणे आटोक्यात असले तरच ती हिंडते-फिरते, मोकळा श्वास घेते, खोकते, आणि ऑपरेशननंतर हे सगळे लवकर सुरू होणे फार गरजेचे असते.

मालिशीची सुरुवात पोटापासून करायचीच नाही, हे ऐकून आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. सिझेरियननंतरच्या वेदनांवर जे अभ्यास झाले, त्यांतल्या अनेकांत फक्त दोन्ही तळहात आणि दोन्ही तळपाय चोळले होते: प्रत्येकी पाच मिनिटे, म्हणजे एकूण वीस मिनिटे. तेवढ्यानेही पुढचा काही काळ वेदना आणि अस्वस्थता कमी झाल्याचे दिसले. दुखते तिथे हातही न लावता आराम कसा पडतो, असे मुलीने विचारले. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलेल्या विचारानुसार स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट काही प्रमाणात अडवतात. शिवाय अंग सैल पडले की दुखण्याची धारही कमी होते.

मग आईलाच खाली बसवून मुलीचे पाऊल मांडीवर घ्यायला लावले. कोमट खोबरेलाचे चार थेंब तळहातावर चोळून, टाचेपासून बोटांकडे अंगठा सावकाश सरकवायचा, एकेक बोट हलके ओढायचे आणि मुलीला सोसेल तेवढाच दाब द्यायचा. झाल्यावर तळपाय कोरडे पुसायचे, नाहीतर ओल्या फरशीवर पाय घसरायचा. पाठ आणि खांदेही चोळता येतात, पण पालथे न झोपवता कुशीवर किंवा उशी पोटाशी धरून बसवून. पाजताना वाकून बसल्याने भरून आलेल्या पाठीला याचा फार उपयोग होतो. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीमुळे जावई बागेतच अडकले होते, तरी रात्री आल्यावर पाय चोळणे त्यांनाही जमण्यासारखे होते, आणि ते त्यांनी केले.

एक गोष्ट मी दोघींकडून पुन्हा म्हणवून घेतली. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम किंवा लाल झाली तर ती मुळीच चोळायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियननंतर, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढलेला असतो. अशी गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. दम लागला किंवा छातीत दुखले तर क्षणभरही थांबायचे नाही. ताप, टाक्यांतून पू किंवा वाढती लाली दिसली तरीही मालिश बंद ठेवून दवाखाना गाठायचा.

गर्भाशय जागेवर बसावे म्हणून पोट चोळण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण गर्भाशय सुमारे सहा आठवड्यांत आपोआप पूर्ववत होते आणि ताज्या टाक्यांवर जोर देण्यात धोकाच आहे. वरची त्वचा लवकर जुळली तरी आतल्या थरांना ताकद यायला कितीतरी अधिक वेळ लागतो. शेगडीचा शेक टाक्यांपासून दूर ठेवायलाही मी सांगितले, कारण तिथली त्वचा बधिर असते आणि चटका बसला तरी कळत नाही.

सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत जखम पूर्ण भरल्याचे डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतर तिने स्वतःच दोन बोटांनी व्रणाच्या आजूबाजूची त्वचा हलके फिरवायला सुरुवात केली. व्रणावर हात ठेवायचे धाडस व्हायलाच तिला काही दिवस लागले. तिथला बधिरपणा अजून गेलेला नाही. तो काही महिने राहू शकतो, हे तिला आधीच सांगून ठेवले होते.