दोन ससे एका पिंजऱ्यात ठेवले की मारामारी करतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घरच्या सशाला सोबत हवी म्हणून बाजारातून दुसरा आणला, त्याच्याच पिंजऱ्यात सोडला आणि पाच मिनिटांत केस उडाले. कालपासून नवा ससा कोपऱ्यात बसून आहे, खात नाही.

आधी खाण्याचं बघा, मैत्रीचं नंतर. दोघांना आत्ताच वेगळं करा आणि नव्याच्या लेंड्या तपासा. ससा घाबरला की खाणं सोडतो, खाणं सोडलं की त्याचं आतडं थांबतं, आणि त्यातच जीव जातो. 12 तास पोटात काही गेलं नसेल, लेंड्या बंद असतील किंवा अगदी बारीक झाल्या असतील, तर उद्याची वाट बघू नका, डॉक्टर गाठा.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. तुम्ही केलं तेच मी तीन वर्षांपूर्वी केलं होतं. कापूस नावाचा पांढरा नर छपरीत एक वर्ष एकटा राहिला होता. ठमीला आणलं आणि सरळ त्याच्याजवळ सोडलं. त्याने तिचा कान धरला तो सोडेचना. मी मधे हात घातला, तर माझ्या बोटात दात रुतले. हात कधीच घालू नका. सूप किंवा जाड पोतं मधे सरकवायचं, ते लवकर बाजूला होतात.

ठमीचा कान फाटला होता. औषधाच्या दुकानातून माणसांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप मिळालं. पाजायच्या आधी ढोरांच्या डॉक्टरांना फोन केला म्हणून ती वाचली. हे औषध सशाच्या तोंडावाटे गेलं तर पोटातले चांगले जंतू मरतात आणि त्याने ससाही दगावू शकतो. जखमेवर माणसांची गोळी-सिरप देऊ नका, एवढं माझं ऐकाच.

कापसाचा राग ठमीवर नव्हता. सशाच्या हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात, तो रोज हनुवटी घासून घासून जागा आपली करतो. वर्षभर त्याने तो पिंजरा असा आपला केला होता आणि एक दिवस त्यात परकं कुणी येऊन बसलं. म्हणून जुळवणी नेहमी अशा जागी करायची, जिथे दोघांपैकी एकाचाही वास नाही.

मी दोन पिंजरे वीतभर अंतरावर ठेवले. जवळ चिकटवले तर जाळीतून नाक चावतात. दर दोन दिवसांनी याच्या खालचं पोतं तिकडे आणि तिचं इकडे. तीन आठवडे एवढंच केलं. दोघं जाळीच्या एकाच बाजूला पाय ताणून निवांत पडायला लागले, तेव्हा शेजारच्या काकूंची रिकामी कोठी मागून घेतली. सोयाबीन विकून झालं होतं, त्यामुळे आत काहीच नव्हतं. फरशीवर पाय घसरला की ससा बिथरतो, म्हणून बारदाना अंथरला. दोन्हीकडून उघडा खोका ठेवला, म्हणजे कुणी कोपऱ्यात अडकणार नाही. मधे हराळीचा ढीग आणि थोडा सांबार, म्हणजे कोथिंबीर. पहिल्या दिवशी फक्त दहा मिनिटं.

एकाने दुसऱ्यावर चढणं थोडा वेळ चालतं, पण तोंडाच्या बाजूने चढला तर लगेच उतरवा, तिथे चावा बसला तर फार नाजूक जागी बसतो. कान मागे, शेपूट वर आणि एकमेकांभोवती गोल फिरणं सुरू झालं, की त्या दिवसापुरतं थांबायचं. भांडण होऊ द्यायचंच नाही, कारण झालेलं भांडण ससे लवकर विसरत नाहीत.

चौदाव्या दिवशी ठमी कापसासमोर आली आणि हनुवटी बारदान्याला टेकवून चपटी बसली. तो दुसरीकडे बघत राहिला. तिने नाकाने त्याला ढोसलं, पुन्हा टेकली. बऱ्याच वेळाने त्याने तिच्या दोन डोळ्यांच्या मधे दोनदा चाटलं. मी श्वास रोखून बसले होते. मला वाटलं ती शरण गेली, पण उलट आहे. डोकं टेकवणारा 'मला चाट' असं सांगत असतो, आणि बहुतेक वेळा घरात त्याचंच चालतं.

आता नसबंदी. ती केल्याशिवाय जोडी टिकणं फार अवघड, नर-नर असतील तर जवळपास अशक्य. विकणारा 'दोन्ही माद्याच आहेत' म्हणतो, त्यावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. नर-मादी असतील तर साधारण 31 दिवसांत पिल्लं होतात आणि व्यायल्याच्या दिवशीच ती परत गाभण राहू शकते. नराची नसबंदी झाल्यावरही 4 ते 6 आठवडे त्याला मादीपासून वेगळं ठेवायचं. तालुक्याचे डॉक्टर गाई-बकऱ्यांचे असतात, सशाचं ऑपरेशन केलंय का ते स्पष्ट विचारा. नसेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं, तो ओकू शकत नाही. जोडी जमल्यावर दवाखान्यात नेताना दोघांना सोबत न्या. एकटा जाऊन दवाखान्याचा वास घेऊन परतला, तर दुसरा त्याला परका समजून हल्ला करतो.

एप्रिल-मे मधे जुळवणीला हातच लावू नका. आपल्याकडे 45 अंश जातं आणि ससा घामाने थंड होत नाही, उष्णता बाहेर टाकायला त्याला कानांचाच आधार. 30 च्या वरच त्याला त्रास सुरू होतो. टिनाखाली पिंजरा असेल तर आजच हलवा. फुटका माठ आडवा करून बाहेरून ओला ठेवा, दोघं त्यात जाऊन बसतात. कान ओल्या हाताने पुसा, पाण्यात बुडवू मात्र नका. वरातीचा डीजे, दिवाळीचे फटाके, रात्री अंगणात फिरणारी कुत्री, या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत घ्या. मागचे पाय आपटत असेल तर तो घाबरलाय.

सोबत म्हणून वावरातलं पिल्लू कुणी आणून देईल, ते घेऊ नका. धुऱ्यावरचा ससा आणि पिंजऱ्यातला ससा या वेगळ्या जाती आहेत, त्यांची जोडी होत नाही. रानातल्या सशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षणही आहे. त्याची आई दिवसभर जवळ नसते, म्हणून ते एकटं दिसतं. जिथून उचललं तिथेच परत ठेवायला सांगा.

जखम कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाही. केसांत ती दिसत नाही, बोटांनी पोट आणि मांड्यांची आतली बाजू चाचपून बघा. तिथे असेल तर ससा खायला लागला तरी डॉक्टरांना दाखवाच.