मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) अर्ज टाकण्याआधी

विभागीय चौकशीत शिक्षा झालेला सरकारी कर्मचारी पक्षकार ‘शिक्षा फार कडक झाली हो’ म्हणाला की लगेच मूळ अर्ज टाइप करायला बसू नकोस. सर्वोच्च न्यायालयाच्या बी. सी. चतुर्वेदी निकालापासून (१९९५) हे पक्कं आहे की न्यायाधिकरण पुरावे नव्याने तोलत नाही. शिक्षेला हात लावतं ते ती विवेकाला धक्का देणारी असेल तरच, आणि तेव्हाही बहुधा प्रकरण शिक्षा देणाऱ्या त्याच साहेबांकडे फेरविचाराला परत जातं.

खरा माल चौकशीच्या फायलीत असतो. रोजनामा (चौकशीच्या दर तारखेची नोंद) ओळ न् ओळ वाच. उलटतपासणी करू दिली का? मागितलेली कागदपत्रं दिली का? चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी हातात पडली का? सर्वोच्च न्यायालयाच्याच करुणाकर निकालानुसार (१९९३) ती द्यावीच लागते. पण प्रत न मिळाल्याने बचावाचं नेमकं काय बिघडलं, हेही दाखवावं लागतं. नवे वकील हमखास इथेच आपटतात. त्याच प्रकरणात तेवढाच दोष असलेल्या दुसऱ्याला नुसत्या ठपक्यावर सोडलं असेल, तर तो आदेश मिळव आणि जोड.

विभागीय अपील आधी. सहा महिन्यांत निर्णय नाही आला तर मॅटमध्ये जाता येतं, आणि ते सहा महिने संपल्यापासून पुढे मुदत एक वर्ष. अपिलाची पोचपावती मात्र पक्षकाराकडून पहिल्याच भेटीत मागून घे.