बँडमध्ये गायिकेचा आवाज वाद्यांत बुडतो, वाढवला की शिट्टी वाजते. काय करावं?

ड्रम, दोन गिटार, कीबोर्ड, एक गायिका आणि छोटा हॉल, असं तुम्ही लिहिलंय. मग तिच्या फेडरला, म्हणजे मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकपट्टीला, हात लावू नका. बाकीच्यांना खाली आणा, आणि तेही मिक्सरवर नाही, आधी स्टेजवर.

मी नागपुरात लग्नं, गणपती, कधी सायंटिफिक हॉलमधले कार्यक्रम करतो. एका मंगल कार्यालयात हेच झालं होतं. गिटारवाल्याचा ॲम्प जमिनीवर, तोंड त्याच्या पोटऱ्यांकडे. स्वतःचं वाजवणं ऐकू येईना म्हणून तो वाढवतच होता, आणि ते सगळं तिच्या माईकमध्ये शिरत होतं. ॲम्प प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला, त्याच्या कानाकडे तिरपा केला. दुसऱ्या गाण्यापर्यंत त्यानं स्वतःच आवाज कमी केला. (नुसतं ‘कमी कर ना भाऊ’ म्हणून पाहा, काय होतं ते.)

मग माईक. ओठांपासून दोन बोटं. अंतर निम्मं झालं की जवळपास ६ डेसिबल फुकटात मिळतात. जाळी मुठीत धरू देऊ नका. मागून येणारा आवाज टाळायची माईकची सोयच त्यानं बंद होते आणि शिट्टी येते. एसएम ५८ (गाण्यासाठी सर्रास वापरला जाणारा माईक, पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो) असेल तर मॉनिटर, म्हणजे गायिकेकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर, बरोबर माईकच्या शेपटीसमोर. सुपरकार्डिऑइड (समोरचं जास्त अरुंद पट्ट्यात ऐकणारा माईक) असेल तर थोडा बाजूला, कारण त्याला पाठीमागूनही थोडं ऐकू येतं.

लो-कट (खालचे घुमणारे सूर कापणारा फिल्टर) १०० हर्ट्झच्या आसपास लावून टाका. शब्द स्पष्ट होतात ते साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये, आणि गिटारही तिथेच कलकलाट करते. म्हणून तिथे गायिकेला चढवण्याआधी गिटारमधून ३ डेसिबल काढून बघा. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करतो तो) ३:१ पुरे. जास्त दाबून वरून गेन दिला, म्हणजे आवाज पुन्हा चढवला, की शिट्टी परत हजर.

आणि आपल्याकडचं एक. मी एकदा दुपारी कूलर बंद असताना साउंडचेक केला, झकास झाला. संध्याकाळी चार कूलर सुरू झाले आणि तिचे ‘स’, ‘श’, ‘च’ सगळे त्या घरघरीत गेले. वर एक कूलर थेट स्टेजवर, माईकमध्ये वारा भरत होता. तेव्हापासून कूलर सुरू करूनच चेक करतो, आणि स्टेजजवळच्या कूलरचं तोंड वऱ्हाड्यांकडे फिरवून देतो. मे महिन्यात त्यावर कोणीच तक्रार करत नाही.