ट्रॅफिकमध्ये काटा चढतो, मोकळ्या रस्त्यावर उतरतो

‘बोनेटखाली’ : वाचकांचे प्रश्न, गॅरेजवालीची उत्तरं

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी मी बारा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी घेतली. माझ्या पगारातून घेतलेली ही पहिलीच गाडी. स्वस्त मिळाली म्हणून घेतली, हे कबूल. पहिले दोन दिवस निमूट चालली. तिसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. ट्रॅफिकमध्ये अडकलं की तापमानाचा काटा वर सरकतो आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की आपोआप खाली येतो. कुलंटच्या बाटलीतली पातळी आठवड्याभरात दोन बोटं उतरली. शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी सेल्फ घेत नाही, नुसतं टकटक वाजतं. एका मेस्त्रींनी रेडिएटर बदला म्हणून सांगितलं. दुसरे म्हणाले, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल. विकणाऱ्याला फोन केला तर ‘मी दिली तेव्हा चांगली होती’ एवढंच. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी रेडिओचं घड्याळ चुकलेलं होतं आणि एकही स्टेशन सेव्ह केलेलं नव्हतं, तेवढंच काय ते खटकलं होतं. घरचे म्हणतात, येईल त्या भावात काढून टाक. काय करू?

उत्तर : घड्याळाचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझी नजर आधी तिथेच अडकली. घड्याळ आणि स्टेशनं दोन्ही पुसली गेली, म्हणजे तुम्ही घ्यायच्या थोडं आधी त्या गाडीची बॅटरी काढली गेली होती किंवा पार उतरली होती. बऱ्याच जुन्या गाड्यांत बॅटरी काढली की इंजिनच्या कॉम्प्युटरची आठवणही जाते आणि पेटलेला दिवा विझतो. दोष मात्र जिथल्या तिथे असतो. कॉम्प्युटर मग आपल्या तपासण्या पहिल्यापासून करायला घेतो. त्यांतल्या काहींना इंजिन थंड असल्यापासून पूर्ण गरम होईपर्यंतची फेरी लागते, आणि बरेच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लागतच नाही. म्हणून दोन दिवस सुखाचे गेले आणि तिसऱ्या दिवशी दिवा आला.

विकणाऱ्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. बॅटरी तुमच्याकडेही दोन दिवसांत उतरतेच आहे, तशी त्याच्याकडेही उतरली असेल. पण दिव्यामागचा दोष तुमच्याकडे तिसऱ्या दिवशी जन्मला नाही, तो गाडीबरोबरच आला, असं मी धरून चालेन.

आता काटा. दोन्ही मेस्त्रींनी जे सांगितलं ते होऊ शकतं, पण तुमची गाडी स्वतः काहीतरी वेगळं सांगते आहे. गाडी वेगात असते तेव्हा रेडिएटरला समोरून वारा मिळतो. थांबलेल्या गाडीला वारा फक्त पंख्याचा. ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि वेगात उतरतो, म्हणजे वारा मिळाला की रेडिएटर आपलं काम करतोय. तो आतून चोंदलेला असता, तर उलट लांबच्या चढावर, जोर लागतो तिथे, काटा जास्त चढला असता. मी आधी पंख्याकडे बघेन.

त्याची परीक्षा फुकट आहे. इंजिन थंड असताना गाडी चालू करा, एसी लावा आणि बोनेट उघडून बघा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरायला लागतो. (हात लांब ठेवा. कित्येक गाड्यांत हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो.) फिरला, तर मोटर ठीक आहे. मग एसी बंद करून गाडी उभ्या उभ्या गरम होऊ द्या. काटा नेहमीच्या जागेच्या वर जाऊनही पंखा ढिम्म, तर तापमान सांगणारा सेन्सर किंवा त्याची वायर बघायची. लाल पट्ट्याची वाट बघू नका, लगेच बंद करा. एसीवरही पंखा हलला नाही, तर फ्यूज, मग रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), मग मोटर, याच क्रमाने. रिलेसाठी आम्ही गॅरेजवाले एक सोपी युक्ती करतो. फ्यूजच्या डब्यात बहुतेक वेळा अगदी तसाच दुसरा रिले असतो, हॉर्नचा वगैरे. नंबर सारखा असेल तर दोघांची अदलाबदल करून बघायची.

हे मी इतकं खोलात लिहिते आहे कारण मी स्वतः यात तोंडघशी पडले आहे. वडिलांच्या गॅरेजमध्ये शिकत होते तेव्हा मी एक मोडकी जुनी गाडी घेतली होती. ती गरम व्हायची आणि पाणी बाहेर फेकायची. मी थर्मोस्टॅट बदलला. मग रेडिएटर. मग वॉटर पंप. प्रत्येक वेळी दोन दिवस वाटायचं की झालं. वडील रोज येता-जाता बघायचे, काही बोलायचे नाहीत. तिसऱ्या पार्टनंतर त्यांनी थंड गाडीच्या रेडिएटरचं झाकण काढलं, उलटं केलं आणि माझ्या हातात दिलं. खालच्या रबरी वॉशरला आरपार चीर गेली होती आणि स्प्रिंग बोटाने दाबली तर दबूनच राहायची. मी नवा रेडिएटर बसवला आणि त्यावर जुनंच झाकण लावलं होतं!

त्या झाकणाचं काम नुसतं झाकायचं नसतं. ते आत दाब धरून ठेवतं. साधं पाणी उघड्यावर 100 अंशांना उकळतं. झाकणाने हवेच्या दाबावर आणखी साधारण एक बार दाब धरला की तेच पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल पडलं की ही सगळी सवलत जाते आणि पाणी उकळून बाहेर पडतं. तुमच्या गाडीत कदाचित झाकण रेडिएटरवर नसेल, कुलंटच्या बाटलीवरच असेल. काम तेच. गाडी रात्रभर थंड झाल्यावरच उघडा. गरम झाकण उघडून हात-तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे हे पुन्हा सांगते : रात्रभर थंड झाल्यावर.

कुलंट कमी होणं हा कदाचित वेगळा आजारच नसेल. पंखा चालत नाही, म्हणून गाडी उकळते, म्हणून कुलंट बाहेर जातं. तरी रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. होजपाईपच्या क्लिपांपाशी आणि वॉटर पंपाखाली वाळलेली पांढरी-हिरवी खपली शोधा. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढची मॅट ओली लागते का, तेही हाताने बघा, कारण हीटरची जाळी गळली की कुलंट केबिनमध्ये उतरतं.

हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचं, भूत मी एवढ्यात उठवणार नाही, पण झटकूनही टाकणार नाही. इंजिन खोला म्हणणाऱ्या मेस्त्रींना विचारा, कशावरून? ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून म्हणत असतील तर तेवढं पुरत नाही. रोज थोडं थोडंच अंतर चालणाऱ्या गाडीत वाफ साचूनही तसा थर येतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहिला, बाटलीत सतत बुडबुडे उठले किंवा थंड गाडी चालू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर मात्र संशयाला जागा आहे. तेव्हाही खोलण्याआधी दोन चाचण्या करायला सांगा. एक, कुलिंग सिस्टिमला पंपाने दाब देऊन तो टिकतो का ते बघणं. दुसरी रसायनाची : निळं द्रावण भरलेली नळी रेडिएटरच्या किंवा बाटलीच्या तोंडावर धरतात. इंजिनातला जळका वायू कुलंटमध्ये शिरत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. दोन्हींना फार वेळ लागत नाही. ‘त्याची गरज नाही, मला आवाजावरून कळतं’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून गाडी दुसरीकडे न्या.

दिव्यासाठी स्कॅनर (कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावा आणि दोषाचा कोड स्वतः लिहून घ्या. मेस्त्री बहुतेकदा फक्त कोडचा अर्थ सांगतात, पण बऱ्याच कोडांबरोबर तो नोंदला गेला त्या क्षणाचे आकडेही कॉम्प्युटरमध्ये साठलेले असतात : इंजिनाचा वेग, कुलंटचं तापमान. तेही मागा. आणि कोडचं नाव वाचून पार्ट घेऊ नका. ‘पी 0420’ आला की लोक थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा, बदलतात. तो कोड एवढंच सांगतो की कन्व्हर्टरचं काम अपुरं दिसतंय. सायलेन्सरचा पाईप आधीच कुठे फुटला असला किंवा सेन्सर थकला असला तरी तसंच दिसतं. दिवा स्थिर आहे तोवर तुम्हाला विचार करायला वेळ आहे. लुकलुकायला लागला तर इंजिन जबर मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातंय. तेव्हा बाजूला घ्या आणि बंद करा.

बॅटरीला मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसले तर अल्टरनेटर चार्ज करतोय. दोन्ही ठीक असूनही सोमवारी टकटक होत असेल, तर बंद गाडीत कोणीतरी करंट पितंय. सगळं बंद करून अर्धा तास गेल्यावर साधारणपणे 50 मिलिअँपच्या आत ओढ असावी. अर्धा अँप जात असेल तर दोन दिवसांत 24 अँपिअर-अवर संपले, म्हणजे 45 च्या छोट्या बॅटरीतले निम्म्याहून जास्त. मीटर लावून एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा धाडकन पडतो, चोर त्या लाइनवर. माझा पैज लावण्याजोगा संशय तुमच्या त्या रेडिओवर आहे, बाहेरून बसवलेला असेल तर विशेष. नाहीतर डिकीतला दिवा, झाकण लावल्यावरही जळत राहणारा.

विकणाऱ्याकडे जायचं, पण निदान हातात आल्यावर. ‘गाडी खराब दिलीत’ याला ‘चांगली होती’ हेच उत्तर येतं. ‘या तारखेला, इतक्या किलोमीटरवर, पंख्याची मोटर बंद आढळली, हा गॅरेजचा कागद’ असं लिहून पाठवलं की त्याला काहीतरी बोलावं लागतं. खर्चाचा एखादा हिस्सा मागा, सगळा मागाल तर बोलणंच संपेल. गाडी व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर आधी कागद वाचा, वॉरंटी लिहिली आहे की ‘जशी आहे तशी’ वर सही केलीत. वॉरंटी असेल तर त्यांना कळवण्याआधी कशालाही पाना लावू देऊ नका. बदललेला जुना पार्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत मागून घ्या.

काढून टाकण्याचं म्हणाल, तर आज नको. काटा चढणारी आणि दिवा पेटलेली गाडी मातीमोल जाते, आणि पुढच्याला हे सगळं सांगावंही तुम्हालाच लागेल. पिवळं झालेलं द्रावण बघितलं तर हिशेब वेगळा. दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली तर मी स्वतः सोडून देते.

हे मिटलं की ब्रेक ऑइल बदला, ते हवेतली ओल शोषतं आणि मग लवकर उकळतं. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर बदललेलाच नाही असं धरा. टायरच्या कडेवर चार आकडे शोधा : 3514 म्हणजे 2014 चा 35 वा आठवडा. पंख्याचं काय निघालं ते मात्र कळवा.

प्रश्न : जुनी गाडी घेऊन आठवडा झाला. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो. काचा उघड्या ठेवून चालवली तर चालेल का?

उत्तर : नाही. सेल्फही मारू नका, गाडी आहे तिथे राहू द्या आणि मेस्त्रींना तिथेच बोलवा. फक्त टाकी फुल केल्यावर वास येत होता की नेहमीच, तेवढं त्यांना सांगा. टाकी फुल केल्यावरच येत असेल तर टाकीच्या गळ्याचा पाईप किंवा वरचं सील, नेहमी येत असेल तर पेट्रोलची लाइन आणि इंजेक्टरची सील, असं ते शोधतील.

प्रश्न : वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. विकत घेतली तेव्हा गाडी दोन महिने उभी होती.

उत्तर : उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो. पॅड जिथे टेकलेला असतो तिथे त्याचा ठसा राहतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही ना हे बघून, आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावून बघा. बऱ्याचदा निघून जातं. नाही गेलं तर डिस्कची जाडी मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोजून घ्या. आणि हल्लीच कोणी चाक काढलं होतं का ते आठवा. घाईत एकाच बाजूचे नट आधी आवळले की चाक डिस्कवर नीट बसत नाही आणि असंच थरथरतं. सगळे ढिले करून समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायला सांगा, मग डिस्कचं बघू.