लष्करातून काढलं, शेरा बदलता येईल?

प्रश्न : मुलगा अमेरिकन लष्करात होता. २०१६ मध्ये कामावर उशीर, वरिष्ठांशी वाद अशी कारणं देऊन ‘जनरल’ (‘ऑनरेबल’ म्हणजे सन्मानपूर्वक सुटकेच्या खालचा) शेऱ्यावर सोडलं. कागदावर ‘पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ (व्यक्तिमत्त्व विकार) लिहिलंय. पुढे पीटीएसडीचं (आघातानंतरच्या मानसिक ताणविकाराचं) निदान झालं. शेऱ्यामुळे जीआय बिल या माजी सैनिकांसाठीच्या योजनेतून शिक्षणाचा खर्च मिळत नाही. काही करता येईल का?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर : येईल, आणि फी नाही. डीडी-२१४ हा लष्करातून सुटल्याचा दाखला काढून बघा. रकाना २४ मध्ये शेरा, २८ मध्ये कारण असतं. अर्जात दोन्ही बदलून मागा. नुसता शेरा सुधारला, तर ‘डिसऑर्डर’ तसंच राहतं आणि पुढचा मालक तेच वाचतो.

सुटकेपासून १५ वर्षांच्या आत डीडी-२९३ हा फॉर्म डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे (सुटकेचे शेरे फेरतपासणाऱ्या लष्करी मंडळाकडे) जातो; म्हणजे २०३१ पर्यंत वेळ आहे. पण आधी सेवेची आणि वैद्यकीय कागदपत्रं मागवा, मगच अर्ज करा.

अर्ज फसतो तो बहुधा डॉक्टरांच्या पत्रामुळे. ‘याला पीटीएसडी आहे’ एवढ्यावर भागत नाही. २०१७ च्या कर्टा मेमोनुसार (अमेरिकन संरक्षण खात्याच्या बोर्डांना दिलेल्या सूचनांनुसार) बोर्ड विचारतं : त्रास सेवेत असतानाच होता का, आणि त्या वागण्याचं कारण तोच का? तेव्हा पत्रात तारखा हव्यात : अमुक घटना, मग झोप उडाली, मग उशिरांची नोंद. त्या काळातल्या सहकाऱ्याचं किंवा तुमचं निवेदनही चालतं.

आधी फक्त कागदांवरून निर्णय मागा. नकार आला, तर प्रत्यक्ष सुनावणी मागता येते. उलट क्रमाने गेलात तर पहिली संधी हातची जाते.