जुनी जपानी ओबी (किमोनोवर कमरेला बांधायचा रुंद पट्टा) विकत घेतली आहे. प्रकार आणि नक्षी कशी ओळखायची? धुतली तर चालेल का?

आधी उलटून पाठ बघा. दोन्ही बाजूंना सारखीच विणलेली नक्षी, रुंदी तिसेक सेंमी, लांबी चार मीटरच्या वर आणि हाताला जड, तर ती मारू. पाठ साधी असेल तर बहुधा फुकुरो. बऱ्याचशा लांबीभर रुंदी अर्ध्यात दुमडून शिवलेली असली की नागोया. नेसायला हीच सोपी.

लाटांच्या कमानी म्हणजे सेइगाइहा, कासवाच्या पाठीसारखे षटकोन म्हणजे किक्को, एकमेकांत अडकलेली वर्तुळं म्हणजे शिप्पो.

धुवायची मात्र अजिबात नाही. क्योतोच्या निशिजिन विणकामातली सोनेरी ‘जर’ अनेकदा तार नसतेच. कागदावर वर्ख चिकटवून कापलेल्या बारीक पट्ट्या असतात. पाणी लागलं की वर्ख सुटतो. कपाटात डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र ठेवू नका, दोन्ही पाझरून डाग पडतात.