ओपिनेल घेऊ का व्हिक्टोरिनॉक्स?

भावा, साताऱ्यात रोज खिशात घडीचा चाकू ठेवायचा असेल तर सरळ व्हिक्टोरिनॉक्सचा स्पार्टन घे. ओपिनेल नंबर ८ पण भारीच, ८.५ सेंटीमीटरचं पातळ पातं, पेरूची फोड कशी सुबक निघते त्यानं, पण मूठ बीच लाकडाची, आपल्याकडं पाऊस लागला की लाकूड फुगतं आन् पातं नखानं ओढूनबी लवकर निघत नाही. त्यात कार्बन स्टीलवाला असला आणि लिंबू कापून ओलाच मिटला की काळे डाग, म्हणून घेतलासच तर स्टेनलेस घे. ओपिनेलला कडी फिरवून पातं लॉक होतं, स्पार्टनला ते नाही, एवढं मात्र ध्यानात ठेव, टोकानं दाबून भोक पाडू नको, पातं बोटावर मिटतं, त्यासाठी पाठीमागं टोच्या दिलाय की.